रेडियम जॅकेट घेताय? दुकानातल्या ट्यूबलाईटखाली नका बघू, रात्री हेडलाईटात बघा

सरळ सांगतो, रोडच्या कामाला साठ-सत्तर रुपयेवालं जाळीचं जॅकेट घेऊ नका, गुत्तेदार कितीबी म्हणू द्या की काहीतरी अंगावर दिसलं म्हणजे झालं. मी माजलगाव-पाथरी पट्ट्यातल्या एका रोडच्या कामावर सुपरवायझर आहे, रुंदीकरण चालू आहे, एका साईडनं गाड्या चालू अन् दुसऱ्या साईडला आमची गँग, आणि लेबरचं हेल्मेट, बूट, जॅकेट घ्यायचं काम माझ्याकडंच असतं. तीन प्रकारचे जॅकेट आमच्या साईटवर वापरून झालेत, त्याचं जे बरंवाईट दिसलं ते लिहायलोय, कारण आपल्याकडं आता जिकडं बघावं तिकडं रोडचं, पुलाचं, पाईपलाईनचं काम निघालंय आणि त्याच्यावरची माणसं आपल्याच गावातली असतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नसता पैसे वाया जातात. जॅकेटात कापड वेगळं अन् पट्टी वेगळी, दोन्हीचं काम वेगळं. कापड म्हणजे तो भडक पोपटी-पिवळा नाहीतर केशरी रंग. तो फ्लोरोसंट असतो, म्हणजे उन्हातले आपल्याला न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट किरण शोषून घेतो आणि दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतो, म्हणून दिवसा, आणि खास करून आभाळ आल्यावर किंवा दिवस मावळायच्या टायमाला, बाकी सगळं मळकट दिसत असताना तेवढं कापड पेटल्यासारखं दिसतं. पण ते सूर्य आहे तोवर. रात्री गाडीच्या लाईटात ते किरण जवळपास नसतातच, मग ते कापड साध्या पिवळ्या कापडासारखंच होऊन जातं. रात्री सगळा भरोसा पट्टीवर. चांगल्या पट्टीत काचेचे एकदम बारीक मणी नाहीतर बारीक प्रिझम असतात, आणि ते आलेला उजेड इकडंतिकडं न फेकता जिकडून आला तिकडंच माघारी पाठवतात. ड्रायव्हरचे डोळे हेडलाईटच्या जवळच असतात म्हणून त्याला ती पट्टी पांढरीफेक दिसते, अन् बाजूला उभ्या माणसाला तीच पट्टी राखाडी दिसते.

म्हणूनच दुकानात ट्यूबलाईटखाली जॅकेट बघून काहीच कळत नाही. मोबाईलची टॉर्च लावा, मोबाईल डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाला टेकवून धरा, आणि जॅकेट दहा-पंधरा पावलं लांब कुणाच्या तरी हातात देऊन बघा. टॉर्च कमरेजवळ धरून बघितली तर चांगली पट्टीबी मार खाते, कारण उजेड माघारी टॉर्चकडं जातो, तुमच्या डोळ्याकडं नाही. नाहीतर फ्लॅश मारून फोटो काढा. खरी पट्टी फोटोत पांढरी जळल्यासारखी येते, नुसतं चमकणारं प्लास्टिक राखाडीच राहतं.

आता पहिलं जॅकेट. हे गुत्तेदारानंच पाठवलं होतं, मोठा गठ्ठा. पातळ जाळी, एक इंची पट्टी, समोर एकच वेल्क्रो. पट्टीवर मधमाशीच्या पोळ्यासारखं डिझाईन छापलेलं होतं म्हणून लांबून लई भारी वाटायचं. रात्रीच्या कामाला लावायच्या आधी आम्ही एक केलं, डायव्हर्जनच्या अलीकडं बोलेरो उभी केली, लाईट डिपरवर ठेवली आणि झेंडीवाल्या पोराला तिन्ही जॅकेट एकामागं एक घालून बोर्डाच्या बाजूला उभं केलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर. पहिल्या जॅकेटात आधी दिसली त्याच्या हातातली झेंडी, मग त्याच्या बनियनची पांढरी किनार, आणि जॅकेट सगळ्यात शेवटी. पट्टी होती का नव्हती तेच कळेना. मग त्याला तसंच ठेवून दुसरं घालायला लावलं, आणि गाडी हलवलीबी नव्हती तरी पोरगं छातीपासून कमरेपर्यंत चौकट आखल्यासारखं उठून दिसलं. तिथंच बसलेल्या ट्रॅक्टरवाल्या मामांनी म्हणलं, “आता दिसला बगा माणूस, मगा नुस्ता झेंडाच दिसत व्हता.”

हे एवढं मनावर का घ्यायचं, तर हिशोब करा. ताशी 80 नं येणारी गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून, कळून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद गेले तर गाडी 44 मीटर पुढं आलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. समृद्धीसारख्या रोडवर तर कारला 120 ची लिमिट आहे, तिथं हेच अंतर 66 मीटरच्या पुढं जातं. अन् आपल्याकडं हिवाळ्यात कारखाने चालू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रोडवर असतात, समोरच्याचे लाईट डोळ्यावर, धुकं, त्यात आमचा माणूस साईडपट्टीवर वाकून काम करायलाय. त्या माणसाला नुसतं दिसून चालत नाही, वेळेत दिसायला पाहिजे.

पहिल्या जॅकेटाला माझ्याकडून शून्य. गोडाऊनच्या आत दिवसा हमालाला ओळखायला द्यायचं असलं तर द्या, रोडवर नाही.

दुसरं जॅकेट आम्हाला साधारण दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान पडलं, परभणीच्या मोंढ्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून. दोन इंची पट्टी, म्हणजे 50 मिलीमीटर, दोन आडव्या गोल फिरलेल्या आणि दोन खांद्यावरून खाली उतरलेल्या. कापड विणलेलं, जाळी नाही, समोर चेन. हे जॅकेट लई चांगलं चाललं आणि बजेट कमी असलं तर मी हेच घ्या म्हणीन. तक्रार दोनच, एक म्हणजे चेन धुळीनं लवकर अडकते, आपल्या मुरमाची धूळ एकदम बारीक असते, ती दातऱ्यात बसली की पोरं चेन लावायचीच सोडून देतात आणि जॅकेट उघडं फडफडत राहतं. उघड्या जॅकेटाची समोरची पट्टी बगलेत जाते, समोरून माणूस निम्माच दिसतो. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात हे अंगाला चिकटतं. मे महिन्यात 42-43 अंश, खाली गरम डांबर, वरून हे कापड, एकानं मला स्पष्ट म्हणलं की “साहेब, ह्याच्यात जीव घाबरायलाय.” तो खोटं बोलत नव्हता. लेबरनं जॅकेट काढून झाडाला अडकवलं की आपण त्याला शिव्या देतो पण जे घालून काम होत नाही ते जॅकेट कितीबी चमकलं तरी उपयोग शून्य.

तिसरं जॅकेट साडेचारशेच्या आसपास. छत्रपती संभाजीनगरहून मागवलं, तिकडं वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांमुळं सेफ्टीचं सामान ठेवणारी दुकानं चांगली आहेत. ह्याच्यात बाजूला, बगलेच्या खाली आणि पाठीत वरच्या भागाला जाळी आणि पट्टी बसवलीय तिथं घट्ट कापड, त्यामुळं हवाबी लागते आणि पट्टीबी लोंबत नाही. खांद्यावर आणि बाजूला वेल्क्रो, ओढलं की सुटतं. हे वेल्क्रोचं पोरांना आधी फालतू वाटलं, पण मिक्सरजवळ किंवा फिरत्या पट्ट्याजवळ काम करणाऱ्याला हेच पाहिजे, कारण जॅकेटाचं टोक अडकलं तर जॅकेट सुटून जावं, माणूस ओढला जाऊ नये. खिशात ओळखपत्र बसतं, वॉकीटॉकी अडकवायला पट्टा आहे. हे जॅकेट मी झेंडीवाले, डंपरला मागं घेणारे आणि पेव्हरच्या, म्हणजे डांबर-खडी पसरवायच्या मशीनच्या, पुढं चालणारे ह्यांना दिलं, सगळ्यांना नाही दिलं कारण तेवढं बजेट मंजूर झालं नाही. पैकीच्या पैकी मार्क.

आतल्या बाजूच्या लेबलविषयी थोडं. आपल्याकडचं स्टँडर्ड आयएस 15809 आहे, आणि बाहेरचं आयएसओ 20471, जे बऱ्याच जॅकेटांवर लिहिलेलं असतं. आयएसओमधे तीन क्लास आहेत. क्लास 2 म्हणजे कमीत कमी 0.50 चौरस मीटर भडक कापड आणि 0.13 चौरस मीटर पट्टी, क्लास 3 म्हणजे 0.80 आणि 0.20. आकड्याला घाबरू नका, 0.13 चौरस मीटर म्हणजे दोन इंची पट्टी सगळी मिळून साधारण 2.6 मीटर भरली पाहिजे, मेजर टेप तर साईटवर असतोच, लावा अन् मोजा. पट्टी 50 मिलीपेक्षा अरुंद असली तर पुढं मोजायचीबी गरज नाही. आणि गाड्या 60 च्या वर धावतात तिथं क्लास 3 पाहिजे असा साधारण नियम आहे, 60 पर्यंत क्लास 2 चालतं.

इथं एक फसवणूक चालते ती सांगतो. बिनबाह्यांच्या जॅकेटावर “क्लास 3” छापून विकतात. नुसतं बिनबाह्यांचं जॅकेट क्लास 3 होत नाही, त्याला बाह्या पाहिजेत पट्टीसकट, नाहीतर पट्टीवाली पँट. त्यामागं कारण आहे. छातीवरची पट्टी ड्रायव्हरला रात्री बॅरिकेडच्या पट्टीसारखीच दिसते, एका जागी थांबलेली. पण हातावर, पायावर पट्टी असली आणि ती चालताना हलायली की डोक्याला लगेच कळतं की हा माणूस आहे. म्हणून आमच्या रात्रीच्या गँगला मी जॅकेटाबरोबर दंडाला आणि घोट्याला बांधायचे पट्टे दिलेत, वेल्क्रोचे, स्वस्तात येतात आणि त्यानं दिसण्यात जो फरक पडतो तो बोलेरोत बसून बघितल्याशिवाय पटायचा नाही.

रंगाचा प्रश्न मला लई जण विचारतात, पिवळा का केशरी. जागा बघून घ्या. जेसीबी पिवळा, रोलर पिवळा, आणि त्याच्यापुढं पिवळं जॅकेट घातलेला माणूस उभा, तर हायवाच्या, म्हणजे मोठ्या डंपरच्या, ड्रायव्हरला आरशात माणूस मशीनमधेच मिसळून जातो. पावसाळ्यात दोन्ही बाजूला सोयाबीन, तूर, ऊस, सगळं हिरवंगार, तिथंबी पोपटी-पिवळा रंग हरवतो आणि केशरी उठून दिसतो. मशीनभोवतीच्या माणसांना केशरी, ही आमच्या साईटची पद्धत आहे. उलट जिथं केशरी कोन अन् केशरी बॅरिकेडची रांग लावलीय तिथं झेंडीवाल्याला पिवळं द्या. संध्याकाळच्या अंधुक उजेडात पिवळं जास्त उजळ दिसतं हेबी खरं आहे. काळा, निळा, राखाडी कपडा आणि त्याच्यावर पट्टी असले जॅकेटबी दुकानात मिळतात, दिसायला स्मार्ट, पण दिवसा त्याचा काहीच फायदा नाही.

आता बायकांच्या जॅकेटाविषयी, कारण ह्याच्यावर कुणीच बोलत नाही आणि आपल्याकडच्या रोडच्या कामावर निम्मी गँग बायकांची असते. जॅकेट बनवणाऱ्यानं शर्ट-पँटवाला माणूस डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं असतं. आमच्याकडच्या मावश्या साडीवर पुरुषाचा फुल शर्ट घालतात, डोक्याला रुमाल, त्याच्यावर पदर, आणि त्याच्यावर हे जॅकेट. डोक्यावर घमेलं उचललं की हात वर जातात, जॅकेट वर सरकतं, कमरेची पट्टी छातीला येते. वाकल्या की पदर सुटून पाठीवरच्या पट्टीवर पडतो, आणि पाठीकडूनच तर गाडी येते. एका मावशीनं मला सरळ विचारलं, “साहेब, पदर जॅकेटाच्या आत घ्यायचा का बाहेर, ते तरी सांगा.” प्रश्न बरोबर होता आणि दुकानदाराकडं उत्तर नव्हतं. आम्ही मग त्यांच्यासोबतच बसून ठरवलं. पदर आधी कमरेला खोचायचा, त्याच्यावर शर्ट, शर्टाच्या वर जॅकेट, आणि जॅकेट एक साईज मोठं पण बाजूला बांधायचे बंद असलेलं घ्यायचं, म्हणजे शर्टावरून बसतं आणि बंद ओढून आवळता येतं. चेनपेक्षा त्यांना वेल्क्रो बरा पडला. डोक्यावरच्या रुमालाची टोकं मात्र खांद्यावरच्या पट्टीवर येतात, ती आत खोचायला रोज सांगावं लागतं. पुरुषांचंबी तेच, गळ्यात उपरणं टाकलं की समोरच्या दोन्ही उभ्या पट्ट्या गेल्या. पाठीवर सॅक अडकवून फिरणारे सर्व्हेवाले इंजिनियर पोरंबी ह्याच्यातच येतात.

साईज सगळ्यांना एकच मागवू नका. “फ्री साईज” म्हणून जे येतं ते बारीक पोराला गुडघ्यापर्यंत लोंबतं आणि अंगानं भरलेल्या ऑपरेटरला समोर लागतच नाही. मी दुकानदाराला एमपासून डबल एक्सएलपर्यंत सँपल द्यायला लावतो, गँगला घालून बघतो, मग ऑर्डर. मोंढ्यातल्या शेठनं पहिल्यांदा कटकट केली की “भाऊ, सगळे असंच नेतात”, पण एवढी मोठी ऑर्डर म्हणल्यावर तयार झाला, आणि नंतर फाटलेल्या वेल्क्रोचे नग विनातक्रार बदलूनबी दिले. त्या दुकानाची सर्व्हिस चांगली आहे, फक्त लेबलाविषयी विचारलं तर काही सांगता येत नाही, ते आपलं आपणच वाचायचं.

ऑनलाईन मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथल्या फोटोवर भरोसा ठेवू नका, त्यातल्या पट्ट्या कॉम्प्युटरवर पांढऱ्या केलेल्याबी असू शकतात. आम्ही एकदा एक नग मागवला, फोटोत दोन इंची पट्टी आणि आलेल्या मालाला दीड इंची. परत गेला, पैसे आले, पण पूर्ण गठ्ठा मागवला असता तर काम अडलं असतं. आधी एकच मागवा.

धुण्यावरून तर मी साईटवर सगळ्यात जास्त ओरडतो. जॅकेटावर डांबर लागलं की पोरं डिझेलनं पुसतात, रॉकेल मिळालं तर रॉकेलनं. डाग निघतो आणि पट्टीबी जाते, वरचा मण्यांचा थर सुटतो, काळपट पडते. दगडावर आपटून, ब्रशनं घासून धुतलं तरी तेच. साध्या पाण्यात, साध्या साबणानं, हातानं, पट्टी न चोळता, आणि सावलीत वाळत घालायचं, कारण कडक ऊन भडक रंगाला खातं. ब्लीच नाही, पट्टीवर इस्त्री नाही. चांगल्या जॅकेटाच्या लेबलवर किती धुण्यापर्यंत पट्टी टिकते तो आकडा दिलेला असतो, 25 किंवा 50 असा. स्वस्तातल्यावर काहीच नसतं. उन्हात रोज वापरलेलं जॅकेट लवकर उतरतं, म्हणून मी स्टोअरमधे एक नवं कोरं जॅकेट न वापरता टांगून ठेवलंय आणि अधूनमधून जुनं त्याच्या बाजूला धरून टॉर्चनं बघतो. फरक दिसला की जुनं बाद. बाद केलेल्याची पट्टी कापून टाका, नाहीतर तेच जॅकेट फिरून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर येतं.

पावसातलं अजून एक. मण्यांची पट्टी ओली झाली की चमक कमी होते, पाण्याचा थर बसतो ना त्याच्यावर. प्रिझमवाली पट्टी पावसात जास्त टिकून राहते. पावसाळ्यात पूल-नळीचं काम रात्री असेल तर तेवढ्या लोकांना तरी प्रिझमवाली घ्या. आणि रेनकोट घातल्यावर जॅकेट रेनकोटाच्या आत जातं, हे दरवर्षी दिसतं. रेनकोटाच्या वर घाला किंवा पट्टीवाला रेनकोटच घ्या.

वेल्डिंग, गॅस कटिंग करणाऱ्यांना वरचं एकही जॅकेट देऊ नका. हे सगळं पॉलिस्टर आहे, ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. त्यांना आग न पकडणाऱ्या कापडाचं वेगळं जॅकेट येतं, महाग आहे, पण तेच लागतं. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांमधे काम करणारे आमच्याकडचे बरेच जण आहेत, तापलेल्या लोखंडाजवळ असलेल्या माणसाला हे जाळीचं जॅकेट घालून उभं करणं म्हणजे धोका वाढवणं आहे, तिथं सेफ्टी ऑफिसरला विचारूनच घ्या.

पैशाचं बोलायचं तर जॅकेट कामावर ठेवणाऱ्यानंच द्यायचं असतं, मजुरीतून कापायचं नसतं. काही मुकादम उचल देताना जॅकेटाचे पैसे गुपचूप वळते करतात, मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या हजेरीतून पैसे गेले तो माणूस ते जॅकेट घरी नेऊन मोटारसायकलवर वापरतो आणि साईटवर जुनं फाटकं घालून येतो. आमच्याकडं जॅकेट स्टोअरचं, सकाळी सही करून घ्यायचं, संध्याकाळी जमा, रविवारी स्टोअरकीपर धुवून घेतो. ह्याच्यामुळं हरवायचंबी कमी झालं.

ऑर्डर देताना गँगच्या संख्येपेक्षा थोडे जास्त घ्या, हायवा-टँकरचे ड्रायव्हर गाडीतून खाली उतरतात तेव्हा त्यांच्या अंगावर काहीच नसतं, आणि खडी टाकून मागं उभं राहून फाळका बघणारा ड्रायव्हरच रात्री सगळ्यात धोक्यात असतो. प्रत्येक गाडीत सीटच्या मागं एक दुसऱ्या नंबरवालं जॅकेट ठेवा, आणि गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा की ते घातल्याशिवाय खाली उतरू द्यायचं नाही.